एका वेळी एकच बदल

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात माधव घैसासची एक ख्याती होती. कोणाच्याही घरी गेला की चहा येईपर्यंत तो त्या घरातल्या एका तरी धडधाकट वस्तूत खोट शोधून काढायचा. व्हिडिओ रेकॉर्डर असो, बॉयलर असो, नाहीतर यजमानांचा जावई. खोट सापडली की मान हलवायचा आणि म्हणायचा, "बघू." हा "बघू" खास त्याचा. त्यात नकार नसायचा आणि होकार तर नसायचाच. समोरच्याला उंबऱ्यात उभं ठेवायची ती एक रीत होती.

अलका त्या उंबऱ्यात अकरा महिने उभी होती.

१९९५च्या डिसेंबरात लग्न होऊन ती पुण्याहून इथे आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. माधव सेहेचाळीसचा, बिजवर, एका कंपनीत सिस्टिम्स अॅनालिस्ट. पासपोर्टवरचा शिक्का एक वर्षाचा. वर्ष संपायच्या आत नवऱ्यानं बरोबर क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात यायचं, 'ही माझी बायको, आम्ही एका घरात राहतो' असं सांगायचं, सही करायची, की मग कायमचं राहता येतं. तो आला नाही तर दोन डिसेंबरनंतर पुणे. आणि पुण्यात भावानं तिच्या खोलीची भिंत पाडून हॉल मोठा केला होता. फोनवर वहिनी नव्या सोफ्याचं माप सांगायची; 'तुझी खोली' हे दोन शब्द त्या घरातून निघून गेले होते.

नावाचंही सांगायला हवं. लग्नात तांदळाच्या ताटात माधवनं अंगठीनं नाव लिहिलं: मंजिरी. लोकांनी पेढे खाल्ले, माहेरची अलका वझे तिथे संपली. माधवच्या बहिणीनं तेवढी मान फिरवली. अलकाला वाटलं, होमाचा धूर डोळ्यांत गेला असेल. इथे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून डेंटिस्टचं पत्र पडलं. मिसेस मंजिरी घैसास, बऱ्याच दिवसांत तुम्ही आला नाहीत.

"अहो, मला येऊन एक दिवस नाही झाला. माझं नाव डेंटिस्टला कोणी सांगितलं?"

"पहिलीचं तेच होतं," माधव टोस्टला लोणी लावत म्हणाला. "जीपीचा दवाखाना, डेंटिस्ट, कौन्सिल, सगळीकडे मंजिरी घैसास आहेच. नवीन नाव म्हणजे सगळ्यांना कळवत बसा. आहे ते चालू राहील."

"म्हणजे त्या गेल्याचं कोणाला कळवलंच नाही?"

"राहून गेलं."

बायको मेल्याचं राहून जाणारा माणूस टोस्टच्या चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी नेत होता. अलकानं ते पाहिलं आणि मनात कुठेतरी नोंदवून ठेवलं. नोंदवून ठेवायची तिला सवयच होती. पुण्यात एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटची लॅब तिनं नऊ वर्षं सांभाळली होती. मशीन बंद पडलं की वही काढायची. तिथल्या सरांचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं, काय झालं ते लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर ते कशानं झालं हे जन्मात कळत नाही, असं सर म्हणायचे. त्यांचं स्वतःचं लग्न मोडलं होतं, पण नियम बरोबर होता.

ऑक्टोबरमध्ये माधवनं मंडळाच्या कमिटीत मोठ्या दिमाखात जाहीर केलं, की दिवाळीच्या कार्यक्रमाला तो मंडळाला एक कॉम्प्युटर भेट देणार. सभासदांचे पत्ते त्यावर ठेवायचे. हा कॉम्प्युटर म्हणजे वरच्या लहान खोलीतलं पाच वर्षांचं धूड. त्यावर नवी, खिडक्यांवाली सिस्टिम घालायची होती. तेरा फ्लॉपी एकामागून एक घालायच्या, तासाभराचं काम. माधवनं तीन वेळा केलं, तीनही वेळा ते मध्येच बंद पडलं. तिसऱ्या वेळी तो खाली आला आणि त्यानं विनाकारण सिंकमध्ये हात धुतले.

"तू पुण्यात हेच करायचीस ना? कर."

"करते. आणि क्रॉयडनचा फॉर्म? नोव्हेंबर येईल आता."

"आधी मशीन चालू कर. मग बघू."

तर असं होतं. मशीन चालू झालं तर फॉर्म, फॉर्म भरला तर क्रॉयडन, क्रॉयडन झालं तर तिचं इथलं राहणं. अलकानं कोपऱ्यावरच्या दुकानातून रेघांची वही आणली आणि वर गेली.

खोली एवढीशी. टेबल, खुर्ची, जुन्या कोटांचं कपाट, आणि खिडकीतून दिसणारा लाल सायकलरस्ता, ज्यावरून सहसा कोणी जात नसे. माधव तिला मशीन दाखवायला आला तो दारातच उभा राहिला. कुठलं बटण कुठे, हे त्यानं उंबऱ्यावरूनच बोटानं दाखवलं.

पहिल्या वेळी नववी फ्लॉपी आत असताना थांबलं. फाइल वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं आणि कीबोर्ड मेला. अलकाला बरं वाटलं. फ्लॉपी खराब; सर्वात सोपं दुखणं. माधवनं ऑफिसातून दुसरा संच आणला. तो आठव्या फ्लॉपीवर थांबला.

मग ड्राइव्ह. डोकं साफ करायची फ्लॉपी फिरवली, तरी तेच. ऑफिसच्या भंगारातला दुसरा ड्राइव्ह बसवला. हा जरा चपळ होता. दहाव्या फ्लॉपीपर्यंत गेला आणि थांबला. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली. मग केबल. मग डिस्क पूर्ण पुसून, कानाकोपरा तपासून घेतली. एकही वाईट जागा नाही. व्हायरस शोधला, नाही.

वहीत आडव्या रेघा वाढत गेल्या. काय बदललं, कुठे थांबलं, किती वेळानं, इतर. या 'इतर'च्या रकान्यात पुण्यात ती 'लाइट गेली' किंवा 'मुंग्या' असं लिहायची. इथे तिनं एकदा लिहिलं, 'ड्राइव्हचा आवाज. धाप लागल्यासारखा.' कारण तो तसाच होता. आधी सरळ घरघर, मग शेवटच्या मिनिटांत एक ओढ, मध्येच अडकणारी, आणि पुन्हा ओढ. ड्राइव्ह बदलला तरी आवाज तोच राहिला. दुसऱ्या एका ओळीत लिहिलं, 'मशीनची पेटी गरम झाल्यावर निलगिरीचा वास.' पेटी उघडून पाहिली. आत धुळीशिवाय काही नव्हतं.

आठव्या वेळी तिचं लक्ष वेळेच्या रकान्याकडे गेलं. फ्लॉपी कधी आठवी होती, कधी नववी, कधी दहावी. वेळ सगळीकडे एकच. तेहेतीस मिनिटं.

आता हे काही शहाण्या मशीनचं लक्षण नव्हे. मशीन जागेवर अडतं, घड्याळावर नाही. मग तिनं मशीनचंच घड्याळ पाहिलं. आतली बॅटरी मेलेली. अशी मशीनं उठली की १९८०च्या एक जानेवारीला जाऊन बसतात, हे तिला ठाऊक होतं. हे मशीन जात होतं २१ नोव्हेंबर १९९१ला. दुपारचे तीन सदतीस. दर वेळी.

तिनं नवी बॅटरी घातली. खरी तारीख भरली. बंद करून चालू केलं.

२१ नोव्हेंबर १९९१. तीन सदतीस.

"माधव, एक्याण्णवच्या नोव्हेंबरात काय होतं हो?" असं विचारायचं धाडस तिला झालं नाही. नवऱ्याला नावानं हाक मारायचंही नव्हतं. तिनं दुसरा माणूस निवडला.

डॉक्टर सुलक्षणा पाटणकर हॉस्पिटलात भूल द्यायच्या. पंचवीस वर्षं इंग्लंडात. मंडळाच्या नाटकाच्या तालमीला त्या अलकाला गाडीतून न्यायच्या आणि सगळा रस्ता मंडळींच्या आजारांची थट्टा करायच्या. त्या दिवशी चाललं होतं शशी दामलेच्या पाठीचं.

"पाठ दुखते म्हणून खुर्च्या उचलत नाही, आणि जेवणाच्या लाइनीत पहिला. मी म्हटलं, शशी, तुझा मणका फार हुशार आहे रे."

अलका हसली. मग म्हणाली, "सुलक्षणाताई, एकवीस नोव्हेंबर एक्याण्णव. तुम्ही इथेच होतात ना?"

सुलक्षणाताईंची राउंडअबाउटवरून बाहेर पडायची एक्झिट हुकली. त्यांनी त्या गोल चौकाला आणखी एक फेरी घातली.

"तुला कोणी सांगितलं? माधवनं?"

"नाही. वरच्या कॉम्प्युटरवर ती तारीख येते."

एक्झिट पुन्हा हुकली.

"मंजिरी गेली तो दिवस," तिसऱ्या फेरीत त्या म्हणाल्या. "गुरुवार होता. नवीन मशीन आलं म्हणून माधवनं रजा घेतली होती. तिला दमा होता, रुमालावर कायम निलगिरी. पंप संपला होता की सापडत नव्हता, कोण जाणे. जिना चढायला लागली आणि मध्येच बसली. तिथून हाका मारल्या. तो वरून म्हणाला, थांब, दोनच फ्लॉपी राहिल्यात. मध्येच सोडता येत नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानंच सांगितलं. क्रेमॅटोरियमच्या कार पार्कमध्ये. अगदी रिपोर्ट द्यावा तसं. वर म्हणाला, सोडलं असतं तर डिस्क करप्ट झाली असती."

गाडीच्या काचेवर वायपर कोरडेच फिरत होते. कोणी बंद केले नाहीत.

"गेल्याची वेळ काय लिहिली होती, ताई?"

"चार दहा. का?"

तीन सदतीस आणि तेहेतीस. अलकानं ही बेरीज बोटांवर केली नाही. बोटं मांडीवर गप्प ठेवली.

"माहेरची वैजयंती होती ती, नागपूरची," हॉलच्या दारात गाडी लावून सुलक्षणाताई म्हणाल्या. "मंजिरी हे माधवनं ठेवलेलं. पहिले काही महिने त्या नावाला ओ द्यायची नाही. मग शिकली. नंतर तर इतकी शिकली, की त्यानं हाक मारली की बाथरूममधून सुद्धा 'आले!' आम्ही चिडवायचो तिला." त्यांनी किल्ली काढली. "तुझं नाव मंडळात कळलं ना, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. त्याला ते कळलं सुद्धा नाही."

अलका घरी आली. पुढचे चार दिवस तिनं आपल्या बुद्धीला साजेल तेच केलं, म्हणजे प्लगची वायर बदलली, मग मशीन दुसऱ्या सॉकेटला लावलं. दहावी वेळ, अकरावी वेळ. तेहेतीस मिनिटं, तेहेतीस मिनिटं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. नवऱ्यांवरही फारसा उरला नव्हता. वहीवर होता.

सतरा नोव्हेंबर, रविवार. मंडळाचा कार्यक्रम तेवीसला, शिक्क्याची मुदत दोन डिसेंबरला. दुपारी जेवण झाल्यावर ती वही घेऊन बसली आणि सरांच्या नियमाची दुसरी बाजू वापरून पाहिली. काय काय बदललं हे नाही, तर काय बदललं नाही. फ्लॉप्या बदलल्या, ड्राइव्ह बदलला, मेमरी, केबल, बॅटरी, वीज. अकराही वेळा तसंच राहिलेलं फक्त एक होतं. सुरुवातीला सिस्टिम विचारते, वापरणाऱ्याचं नाव काय? दर वेळी तिनं तेच भरलं होतं, न विचार करता, जसं ती या घरात सगळीकडे भरत होती.

मंजिरी घैसास.

नावानं काय होतं? अक्षरंच ती. पण नियम तो नियम. उरलेली एकच गोष्ट, ती बदलून पाहायची. तिनं पहिली फ्लॉपी घातली. नावाच्या चौकटीत हात क्षणभर अडखळला. वर्षभरात हे नाव तिनं कुठे लिहिलं नव्हतं.

अलका वझे.

मनगटावरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. खाली टीव्हीवर कसलीशी मोटारींची शर्यत चालू होती. ड्राइव्ह घरघरू लागला. दुसरी फ्लॉपी, तिसरी. बाहेर धुकं खाली उतरलं आणि सायकलरस्ता दिसेनासा झाला. सहावी, सातवी. निलगिरीचा वास आला. तिनं 'इतर'च्या रकान्यात तशी नोंद केली.

आठवी. अठ्ठावीस मिनिटं.

आवाजात ओढ सुरू झाली.

"मंजिरी!" खालून माधवची हाक आली. "चहा!"

दहावी फ्लॉपी तिनं नुकतीच आत सरकवली होती. एरवी ती उठली असती. फेब्रुवारीपासून ती या नावाला उठत होती.

"थांबा हो," ती ओरडली. "तीनच राहिल्यात. मध्येच सोडता येत नाही."

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग तिला ऐकू आलं.

खाली टीव्ही बंद झाला.

एकतीस मिनिटं. मग पुन्हा हाक, पण आता वेगळ्याच आवाजात. मोठी नव्हे. काहीतरी तपासून पाहणाऱ्या माणसाची.

"मंजिरी?"

अलकानं ओ दिली नाही. भीतीनं म्हणाल तर नाही, हट्टानं. अकरा महिने जे नाव अंगावर वागवलं, ते आत्ताच तर तिनं काढून ठेवलं होतं. पडद्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. हाक दुसऱ्या कोणाला होती.

तेहेतीस मिनिटं.

ड्राइव्ह थांबला. दिवा विझला.

"आले."

आवाज तिच्या पाठीमागून नव्हता, खालूनही नव्हता. मधून कुठूनतरी. घाईचा, सवयीचा, जरा धापेचा.

मग पावलं. जिन्याला तेरा पायऱ्या होत्या, हे ती रोज व्हॅक्यूम करायची म्हणून तिला माहीत होतं. पावलं वरून सुरू झाली नाहीत. तिनं मोजली. उतरणारी सात.

ड्राइव्हचा दिवा लागला. पडद्यावर आलं, पुढची फ्लॉपी घाला.

तिला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पण अकरावी फ्लॉपी घालायची होती, मग बारावी, आणि इथवर कधीच आलं नव्हतं, आणि आत्ता सोडलं असतं तर सगळं पहिल्यापासून. तिनं फ्लॉपी घातली.

खाली नळ सुरू झाला. पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज. आयुष्यात माधवनं पातेलं हातात घेतलं नव्हतं.

बारावी.

मग माधवचं बोलणं. शब्द कळत नव्हते. पण तो बोलत होता, सलग, हळू, मध्ये थांबून, जसं उत्तर ऐकून माणूस पुढे बोलतो. तीन शब्दांच्या वर न जाणारा हा गृहस्थ तेरावी फ्लॉपी संपेपर्यंत बोलत राहिला.

सिस्टिम उठली. निळं आकाश, ढग, आणि स्वागत. अलकानं वहीत लिहिलं, 'बारावी वेळ. नाव बदललं. पूर्ण झालं.' अक्षर चांगलं आलं होतं. मग ती खाली गेली, भिंतीच्या बाजूनं, मधल्या पायरीवर पाय न देता.

माधव खुर्चीत होता. हातात रिकामा कप. चेहरा रडून झालेल्या माणसासारखा, नाहीतर आंघोळ करून आलेल्या.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"छान, अलका."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा. नाव बदलल्याचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. कसं कळलं, हे विचारायला हवं होतं. पण हवं ते मिळालेला माणूस कशानं मिळालं हे विचारत नाही. तिनंही विचारलं नाही. स्वयंपाकघरात गेली. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. हात लावला तर अजून कोमट.

दुसऱ्या दिवशी क्रॉयडनचा फॉर्म टेबलावर होता. माधवनं स्वतः आणला होता, 'बघू' न म्हणता. त्या आठवड्यात तो एकदाही कशात खोट काढीना. सकाळी "अलका, दूध संपलंय का?" असं साधं, शेजाऱ्याला विचारावं तसं विचारायचा. आणि चार वाजता, सुट्टी असेल त्या दिवशी, वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचा, "मंजिरी, चहा."

अलका तेव्हा स्वयंपाकघरात नसायची. असायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. चहा यायचा.

तेवीसला मशीन मंडळात गेलं. शशी दामलेनं पाठ दुखत असताना सुद्धा ते उचललं, कारण फोटो काढत होते. अलकानं हिशेब केला: मशीन घरातून गेलं, म्हणजे एक गोष्ट बदलली, आता बघायचं. दुसऱ्या दिवशी चारला नळ सुरू झाला. तिनं वहीत तसं लिहिलं, आणि वही मिटून टाकली.

मनातून तिला वाटायचं, असू दे. आठच दिवस. शिक्का मिळाला की नोकरी बघू, नोकरी मिळाली की खोली बघू. आता 'बघू' तीही म्हणायला लागली होती. कायमचं राहायला मिळालं की या घरात कोण कोणाचा चहा करतं याच्याशी तिला काय करायचं होतं?

सत्तावीसला पहाटेच्या गाडीनं ते क्रॉयडनला निघाले. कागदांची फाइल माधवनं तिच्या हातात दिली नाही. गाडीत तिघांच्या बाकावर तो खिडकीशी बसला, मधल्या जागेवर त्यानं कोट घडी घालून ठेवला, अलका कडेला. लंडनच्या युस्टन स्टेशनपर्यंत गाडी खच्चून भरली तरी त्यानं कोट उचलला नाही, आणि का कोण जाणे, कोणी उचला म्हटलंही नाही.

इमिग्रेशन ऑफिसबाहेर रांग, आत रांग, मग नंबराचं तिकीट. साडेअकराला त्यांचा नंबर आला. काचेमागे पन्नाशीची बाई होती, चष्मा साखळीला लावलेला, आवाज मऊ. अलकाला ती लगेच आवडली. अशा बाईसमोर काही वाईट होत नाही, असं तिला वाटलं.

बाईंनी पासपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला, मग माधवकडे वळल्या.

"पत्ता हाच?"

"हो."

"या पत्त्यावर एकूण किती जण राहतात, मिस्टर घैसास?"

"तीन," माधव म्हणाला.

अलकाला वाटलं, काचेमुळे प्रश्न नीट कळला नसेल. ती त्याच्याकडे पाहून हसली सुद्धा.

"पत्नीबरोबर एकत्र राहत असल्याचे काही पुरावे?"

माधवनं फाइल उघडली. जीपीचं कार्ड. कौन्सिलचं पत्र. डेंटिस्टची दोन. मतदार यादीची पावती. एकेक कागद काचेखालून सरकवताना त्यानं तो सरळ केला. प्रत्येकावर एकच नाव होतं. बाईंनी ते वाचलं, मग पासपोर्टवरचं वाचलं, मग चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा पहिला कागद घेतला.

"तुमच्या पत्नीचं नाव काय म्हणालात?"

"मंजिरी. मंजिरी घैसास."

"मीच," अलका म्हणाली. "मीच मंजिरी. लग्नातलं नाव आहे ते. आमच्यात बदलतात."

बाईंनी माधवकडे पाहिलं. माधवनं वळून अलकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लबाडी नव्हती. परक्या बाईनं गर्दीत चुकून आपला हात धरला, की सभ्य माणूस जसा बघतो तसा तो बघत होता. त्याची बाही आपण कधी धरली हे तिलाही कळलं नव्हतं; त्यानं तिचा हात हळूच बाहीवरून सोडवला.

"ही अलका," तो बाईंना म्हणाला. "आमच्याकडे राहते."